रोमचे सहा तास

सुनेत्रा ठोसर आखातातल्या रुवैसला आली ती नव्वद सालच्या मार्चमध्ये. ऑगस्टमध्ये कुवेतवर हल्ला झाला आणि वसाहतीतल्या निम्म्या लोकांनी बायकामुलांना भारतात पाठवून दिलं. तिच्या नवऱ्याने, गुणवंतनेही, तिकिटाची चौकशी केली. तो रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होता, त्याला जागा सोडता येणार नव्हती.

"तुम्ही येताय?" सुनेत्राने विचारलं.

"मला कसं येता येईल?"

"मग मीही नाही जात."

एवढंच बोलणं झालं. सात वर्षांच्या ईश्वरीला घेऊन तिने तो हिवाळा तिथेच काढला. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या, रेडिओ उशाशी ठेवला आणि तक्रारीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. ठोसर वहिनी बोलतात कमी, पण एकदा ठरवलं की हलत नाहीत, असं वसाहतीचं मत तेव्हापासूनच झालं.

अबू धाबीपासून अडीचशे किलोमीटरवर एकीकडे समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना वाळू आणि मधे रिफायनरी, असं ते गाव. सगळ्यांचे नवरे एकाच ठिकाणी कामाला, सगळ्यांची मुलं एकाच शाळेत. कोणाच्या घरी सकाळी मोठ्याने बोलणं झालं तर दुपारी कोऑपरेटिव्हच्या भाजीच्या रांगेत त्याची चौकशी व्हायची. एका फोरमनने बोलू नये ते बोलल्यामुळे त्याला चोवीस तासांत घरी पाठवलं, अशी एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितली जाई. तो फोरमन कोण, कुठल्या खात्यातला, हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नसे.

सुनेत्राने पुण्यात प्राचीन इतिहासात एम. ए. केलं होतं आणि लग्नाआधी चार वर्षं अमरावतीच्या शाळेत शिकवलं होतं. ब्याण्णव साली वसाहतीतल्या भारतीय शाळेने तिला इतिहासाला घेतलं. तिथल्या आईबापांच्या लेखी इतिहास हा पाठ करून विसरायचा विषय होता. पोरं इंजिनियर व्हायची होती. गणिताच्या मास्तरांना लोक जेवायला बोलवत, इतिहासाच्या बाईंना फक्त लग्नाच्या वाढदिवसाच्या गर्दीत. तिला त्याचं काही वाटत नसे. तासाची घंटा झाली की ती खडू घेऊन उभी राही आणि पाच मिनिटांत वर्ग गप्प होई, एवढं तिला पुरे होतं.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरमध्ये नववीत रोम आलं. पुस्तकात प्रजासत्ताक जाऊन सम्राट कसे आले याला सव्वा पान दिलेलं होतं. एका तासात उरकणारा भाग. सुनेत्राने त्याला सहा तास दिले.

पहिल्या तासाला तिने सांगितलं, की रोमने राजाला हाकलून दिलं आणि पुन्हा कोणी राजा होऊ नये म्हणून सगळी व्यवस्था जुळवली. वर एक माणूस नको, दोन नेमायचे आणि तेही वर्षापुरते. एकाने म्हटलं करू या, दुसरा म्हणाला नको, तर ते होणार नाही. गरिबांचे वेगळे प्रतिनिधी होते, त्यांनी नुसतं 'मनाई' म्हटलं की मोठमोठ्यांच्या सभेचे, सिनेटचे, ठराव अडायचे. संकट आलंच तर एका माणसाला सगळे अधिकार द्यायचे, पण सहा महिन्यांसाठी. राजा हा शब्द तिथे शिवीसारखा होता. ही घडी साडेचारशे वर्षं टिकली.

दुसऱ्या तासाला तिने शेतकरी सांगितले. लढायांवर गेलेले, पंधरा पंधरा वर्षांनी परत आलेले आणि आपली शेतं श्रीमंतांच्या घशात गेलेली पाहणारे. टायबेरियस ग्राकस नावाचा प्रतिनिधी म्हणाला, जमीन परत वाटा. तेव्हा सिनेटरांनी बाकांचे पाय उपटले आणि भर सभेत त्याला आणि त्याच्या माणसांना बडवून मारलं.

"मॅम, सिनेटर्स? देमसेल्व्ह्ज?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"स्वतः. आणि दुसऱ्या दिवशी सिनेट नेहमीसारखी भरली."

मग मारियस आला. त्याने भूमिहीनांना सैन्यात घेतलं. त्या शिपायांना जमीन राज्य देणार नव्हतं, त्यांचा सेनापती देणार होता. म्हणजे निष्ठा कोणाशी? मुलांनी उत्तर बरोबर दिलं. पुढे सुल्ला नावाचा सेनापती स्वतःच्याच शहरावर सैन्य घेऊन चालून गेला. एकदा कोणीतरी हे केलं, की ते करता येतं हे सगळ्यांना कळतं, असं ती म्हणाली. चौथ्या तासाला सीझर सैन्यासह हद्दीची नदी ओलांडून आला. सहा महिन्यांचं ते संकटातलं पद त्याने आधी थोड्या दिवसांसाठी घेतलं, मग वर्षासाठी, मग दहा वर्षांसाठी, शेवटी मरेपर्यंत. मरण फार लांब नव्हतं. ज्यांनी त्याला भोसकलं त्यांना वाटलं, माणूस गेला म्हणजे जुने दिवस आपोआप परत येतील. पाचव्या तासाला त्याचा अठरा वर्षांचा वारस ऑक्टेव्हियन आला, भिंतींवर मारायच्या माणसांच्या याद्या लागल्या आणि तेरा वर्षं एकमेकांचं रक्त सांडून झाल्यावर एकटा ऑक्टेव्हियन उरला.

सहावा तास तिने हळू आवाजात घेतला. ऑक्टेव्हियन सिनेटपुढे उभा राहिला आणि म्हणाला, सगळी सत्ता मी तुम्हाला परत देतो. सिनेटर घाबरले. नको, असं करू नका, आम्हाला सोडू नका, म्हणाले. त्याने आढेवेढे घेत थोडं ठेवून घेतलं. जिथे गडबड होती तेवढेच प्रांत. सैन्य नेमकं तिथेच होतं. सिनेट राहिली. वर्षभराचे दोन अधिकारी राहिले, निवडणुका राहिल्या. गरिबांच्या प्रतिनिधीचा मनाईचा अधिकार पुढे त्याने घेतला, तोही रीतसर. त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही. पहिला नागरिक, म्हणाला. एकही नवं पद निर्माण झालं नाही. लोक थकले होते. धान्य वेळेवर येत होतं, नळ नवे बसत होते.

मिहिका नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसायची. ती सहसा काही विचारत नसे. त्या दिवशी तिने हात वर केला. "मॅम, सो विच डे डिड इट एंड? एक्झॅमला डेट काय लिहायची?"

सुनेत्राने खडू खाली ठेवला. "तारीख नाही," ती म्हणाली. "तेच तुम्ही मला लिहून आणा. तुम्ही त्या काळी रोममध्ये राहता. मोठे कोणी नाही, साधी माणसं. प्रजासत्ताक संपलं हे तुम्हाला कधी कळलं? एक पान."

मंगळवारी एकतीस वह्या जमा झाल्या. बुधवारी सकाळी मिहिकाचे वडील शाळेत आले.

संजय नाईक गुणवंतच्या विभागाचे प्रमुख होते. शांत, इस्त्रीतला माणूस, गणपतीच्या आरतीला सर्वांत आधी हजर. सुनेत्राला प्रिन्सिपलच्या खोलीत बोलावणं आलं तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. मिसेस कुरियन टेबलामागे उभ्या होत्या.

"इनकी डॉटर ने जो लिखा है, मैंने देखा," मिसेस कुरियन इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात म्हणाल्या. "मिस्टर नाईक को घर पे कच्ची कॉपी मिली. सुनेत्रा, यह क्या पढ़ाया है?"

सुनेत्राने ते पान आदल्या दिवशी दोनदा वाचलं होतं. मिहिका एका पाववाल्याची बायको झाली होती. तिने लिहिलं होतं, 'आमच्याकडे आता एक मोठा माणूस आहे. तो चांगला आहे. त्याने पाणी आणलं, रस्ते केले, लढाया थांबवल्या. तो राजा नाही. सिनेट भरते. निवडणूकही होते, फक्त निकाल आम्हाला आधी ठाऊक असतो. माझे सासरे पूर्वी मत द्यायला जाताना नवी चप्पल घालायचे. यंदा ते गेले नाहीत. मी जेवताना कारण विचारलं. ते म्हणाले, जेवताना असलं बोलू नकोस, भिंती पातळ आहेत. त्या दिवशी मला कळलं.'

"हे रोमबद्दल आहे," सुनेत्रा म्हणाली.

"वहिनी, ते तुम्हाला माहीत, मला माहीत," संजय म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला. "पण वाचणाऱ्याला काय वाटेल? पाणी, रस्ते, मोठा माणूस. आपण कोणाच्या देशात राहतो? आणि ते भिंतींचं वाक्य माझं आहे. मी घरी म्हणतो ते. शब्दन् शब्द माझा आहे."

त्यांच्या कपाळावर घाम होता. सुनेत्राला त्यांचा राग आला नाही, आणि त्यानेच ती जास्त अस्वस्थ झाली.

मिसेस कुरियननी खुर्ची ओढली. शनिवारी मंत्रालयाकडून तपासनीस येणार होते, शाळेच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. प्रत्येक वर्गाच्या वह्या ते मागतातच. तेव्हा सगळ्याच्या सगळ्या एकतीस पानांची सोय शनिवारच्या आत झाली पाहिजे. शिवाय, पुस्तकाबाहेरचं शिकवल्याबद्दल दोन ओळींचं माफीचं पत्र. "खलास. फिर कोई बात नहीं."

"सोय म्हणजे?"

"आप टीचर हैं. यू नो."

वह्या दोन पिशव्यांत भरून सुनेत्रा घरी आली. गुरुवार-शुक्रवार सुट्टी होती. तिने पिशव्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आणि गुणवंतला सगळं सांगितलं. त्याला अर्धं आधीच कळलं होतं.

"फाड आणि मोकळी हो," तो म्हणाला. "एकतीस पानं. पाच मिनिटांचं काम."

"मुलांनी लिहिलेलं आहे ते."

"मुलं दुसरं लिहितील. सुनेत्रा, तुझा व्हिसा माझ्यावर, माझा कंपनीवर, आणि माझ्या कंपनीत माझा साहेब कोण ते तुला माहीत आहे. हे तू, इतिहासाच्या बाईने, मला समजावून सांगायचं, मी तुला नाही."

ईश्वरी दारात उभी होती. तीही त्याच वर्गात होती. "आई, आर यू गोइंग टू टेअर माइन टू?"

सुनेत्रा पिशव्यांची तोंडं बांधायला लागली. गुरुवार तसाच गेला. दिवसभर फोन वाजत राहिला. उचलला की पलीकडची बाई आधी तब्येत विचारायची, मग वह्या कुठे आहेत ते विचारायची. तिसऱ्या फोननंतर सुनेत्राने एकेक वही काढून वाचायला घेतली. एक मुलगा गुलाम झाला होता आणि त्याला कधीच काही कळलं नव्हतं, कारण त्याचं काहीच बदललं नव्हतं. एकीने लिहिलं होतं की मला कळलं, पण त्या दिवशी घरी पाहुणे होते. चौदा वर्षांच्या पोरांनी हे कुठून आणलं, असं तिला वाटत राहिलं.  पत्राचा कागद तिने दोनदा समोर घेतला आणि दोनदा बाजूला सारला.

शुक्रवारी नमाजानंतर दारावरची बेल वाजली. बाहेर शौकत अहमद होते, लखनौकडचे, बॉयलर विभागातले. त्यांच्या हातात स्टीलची पट्टी होती.

"मॅडम, बच्चे की कॉपी दे दीजिए. दो मिनट का काम है."

ते सोफ्यावर बसले, मांडीवर वही घेतली, पट्टी शिवणीशी टेकवून पान अगदी सरळ फाडलं, चार घड्या करून खिशात घातलं आणि वही दोन्ही हातांनी परत दिली. मग चहा घेतला. उन्हाचं, एसीच्या आवाजाचं बोलले. जाताना म्हणाले, "आप बहुत अच्छा पढ़ाती हैं, मॅडम. बेटा घर आके बताता है."

त्यांच्यानंतर दोन जण एकदम आले. मग एक बाई आली, बाहेर गाडी चालूच ठेवून, आणि असे लोक येतच राहिले. कोणी रागावलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. प्रत्येकाने विचारून वही घेतली, आभार मानून परत दिली. सुनेत्रा दार उघडत होती, वही शोधून देत होती, कप विसळत होती. आपण काय करतोय हे तिला दिसत होतं आणि हात थांबत नव्हते. ज्याचं मूल, त्याची वही. बापाला नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने?

पाचच्या सुमाराला संजय नाईक आले. गुणवंत झटकन उठून उभा राहिला. सुनेत्रा स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत त्याने गठ्ठ्यातून मिहिकाची वही काढली आणि त्यांच्या हातात दिली.

संजयनी पट्टी न लावताच हिसका दिला. पान तिरकं फाटलं, शिवणीशी बोटभर कागद राहिला. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, सॉरी. मला दोन मुली आहेत." आणि गेले.

दार लागल्यावर सुनेत्रा गुणवंतकडे वळली.

"त्याला वही मी द्यायची होती," ती म्हणाली. "द्यायची की नाही ते मी ठरवणार होते."

"तू दिली नसतीस म्हणूनच दिली."

तिने वह्या मोजल्या. बारा पानं गेली होती, एकोणीस उरली होती. ती शांतपणे म्हणाली, "ज्यांनी नेली त्यांनी नेली. मी एकही फाडणार नाही. पत्रही देणार नाही. शनिवारी जे व्हायचं ते होऊ दे."

"आणि माझं?"

"तुमचंही त्यातच आलं. ते मला कळतं." तिने शब्द मागे घेतला नाही. गुणवंत बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्या संध्याकाळी ताटं वाढली गेली आणि तशीच उचलली गेली.

शनिवारी साडेनऊला तपासनीस आले. पन्नाशीतले, बारीक, अंगात पायघोळ शुभ्र कंदुरा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. सोबत दुभाषी म्हणून शाळेचे अरबीचे शिक्षक हमीद सर. हमीद मूळचे खेडचे, मदिनेत शिकलेले, सुनेत्राशी मराठीत बोलायचे आणि तिला बाई म्हणायचे. प्रयोगशाळा झाली, वाचनालय झालं. मग ते स्टाफरूममध्ये बसले आणि प्रत्येक वर्गाच्या तीन-तीन वह्या मागवल्या. नववीच्या गठ्ठ्यात त्यांनी स्वतः हात घातला. पहिली वही चाळून बाजूला ठेवली. दुसरी चाळली. तिसरीत त्यांचं बोट एका जागी थांबलं. शिवणीशी बोटभर कागद होता.

त्यांनी अरबीत काहीतरी विचारलं. हमीदनी घसा साफ केला. "बाई, ते विचारतायत, हे पान का फाडलं?"

मिसेस कुरियन पुढे झाल्या. "स्पेलिंग मिस्टेक्स, सर. चिल्ड्रन..."

तपासनिसांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दुसरी वही उघडून शेजारी ठेवली, मग आणखी दोन मागवल्या. एकीत पान होतं, एकीत नव्हतं.   सुनेत्रापुढे स्पेलिंगचं कारण तयार होतं, नुसती मान हलवायची होती. दाराच्या काचेतून वर्गाकडे निघालेली मुलं दिसत होती.

"पान रोमबद्दल होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "प्रजासत्ताक जाऊन सम्राट कसे आले त्याबद्दल. मी लिहायला सांगितलं होतं. पालकांना भीती वाटली म्हणून फाडलं."

हमीदनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि अरबीत सांगितलं. पुन्हा प्रश्न आला.

"कसली भीती, विचारतायत. पानात काय होतं?"

तिने सांगितलं. पाववाल्याची बायको, पाणी, रस्ते, आधी ठाऊक असलेला निकाल, सासऱ्यांची नवी चप्पल, पातळ भिंती. एकही वाक्य गाळलं नाही.  तिचं तीन-चार मिनिटांचं बोलणं हमीदनी जेमतेम चार वाक्यांत संपवलं. चारच? तिच्या मनात आलं, यांनी सांभाळून घेतलं. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

तपासनिसांनी फाटक्या कागदावरून बोट फिरवलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"ते म्हणतायत, ती त्या म्हाताऱ्याला पुढे काय म्हणते?"

"काही नाही. पान तिथे संपतं."

त्यांनी मान हलवली, वही मिटली, फॉर्मवर उजवीकडून डावीकडे दोन ओळी लिहिल्या आणि उठले. दारापाशी थांबून त्यांनी सुनेत्राचे आभार मानले, "शुक्रन." गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत कोणी बसलं नाही.

हमीद पायऱ्यांवर उभे होते. सुनेत्रा त्यांच्यापाशी गेली. "सर, काय लिहिलं त्यांनी?"

"प्रयोगशाळेत आग विझवायची दोन नळकांडी हवीत. आणि नववीच्या वह्यांतली पानं फाटलेली आहेत, शाळेने लक्ष द्यावं."

"एवढंच?"

"एवढंच, बाई."

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत? माझं एवढं बोलणं तुम्ही चार वाक्यांत..."

"सगळं सांगितलं," हमीद म्हणाले. "अरबीत ते लहान होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात होतं की सांगावं, पाव भाजायची गोष्ट आहे म्हणून. मलाही बायकापोरं आहेत. पण तुम्ही बोलत होतात तेव्हा ते तुमच्या तोंडाकडे बघत होते, माझ्या नाही. त्यांना इंग्रजी येतं, बाई. पहिल्यापासून कळत होतं. मग मी काय गाळणार?"

सुनेत्रा पायरीवर बसली. 

तिला कोणी काढून टाकलं नाही. पत्र पुन्हा मागितलं नाही. मिसेस कुरियन भेटल्या की हसत. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं वेळापत्रक लागलं, त्यात नववीचा इतिहास वाणिज्याच्या एका शिक्षकाकडे होता आणि सुनेत्राकडे तिसरीचं परिसर-विज्ञान. तिने कारण विचारलं. "रोटेशन," मिसेस कुरियन म्हणाल्या. स्टाफ मीटिंग पूर्वीसारखीच दर महिन्याला होत होती आणि तिथे प्रत्येकाला मत विचारलं जात होतं. गुणवंतला कोणी काही बोललं नाही. त्याला दिवसपाळीतून फिरत्या पाळीत टाकलं, तेही नियमात बसत होतं.

मिहिका त्या वर्षी पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर गेली. बाई समोरून आल्या की ती वहीत मान घालायची. दहावी झाल्यावर तिला पुण्याला आत्याकडे पाठवलं. जाण्याआधी ती भेटून जाईल असं सुनेत्राला वाटलं होतं. एक दिवस तिने दुपारचं झोपणंही टाळलं. मिहिका आली नाही. तिला काय सांगितलं गेलं होतं, ते पान नेल्यावर संजयनी त्याचं काय केलं, हे सुनेत्राला कधीच कळलं नाही.

तिसरीच्या मुलांना ती ढग, पाणी, खजुराचं झाड शिकवत राहिली, तीन वर्षं. घरात त्या शुक्रवारचा विषय निघत नसे. गुणवंतने गठ्ठ्यातून वही काढली होती, हे दोघांमध्ये होतं आणि दोघंही त्याला वळसा घालून चालत. जेवणं व्हायची, सुट्टीत भारतात जाणं व्हायचं, ईश्वरीच्या मार्कांवर बोलणं व्हायचं. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात सुनेत्राने न सांगता अबू धाबीच्या एका शाळेत अर्ज केला. तिला बोलावणं आलं. पद इतिहासाचं होतं, वरच्या वर्गांना. तिने पत्र गुणवंतपुढे ठेवलं. ईश्वरीचं कॉलेज, वेगळं घर, त्याने आठवड्यातून एकदा येणं, असं सगळं त्यामागोमाग येणार होतं.

त्याने पत्र दोनदा वाचलं. "जा," तो म्हणाला. "मी गुरुवारी येत जाईन."

ऑगस्टच्या शेवटी तो तिला पोचवायला निघाला. मागच्या सीटवर भांड्यांची खोकी आणि पुस्तकं. वाटेत मिर्फापाशी त्याने गाडी पंपावर घेतली आणि दोन कागदी कपांत चहा आणला. एसी चालू ठेवून दोघं गाडीतच बसली. बाहेर उन्हाने डांबर चकाकत होतं.

"तो म्हातारा मेल्यावर काय झालं?" गुणवंतने समोर बघत विचारलं.

"कोण म्हातारा?"

"तुझा तो ऑक्टेव्हियन. ऑगस्टस म्हणतात ना नंतर त्याला. ईश्वरीच्या वहीत होतं. मी तेव्हा वाचलं होतं सगळं, तू शाळेत गेल्यावर."

सुनेत्राने कप डॅशबोर्डवर ठेवला. त्याने इतक्या वर्षांत इतिहासातलं काही विचारलेलं तिला आठवत नव्हतं.

"चाळीसहून जास्त वर्षं राज्य केलं त्याने," ती म्हणाली. "मेला तेव्हा आधीचं पाहिलेलं फारसं कोणी उरलंच नव्हतं. त्याचा सावत्र मुलगा टायबेरियस सिनेटपुढे उभा राहिला. म्हणाला, हे ओझं मला झेपणार नाही."

"मग दिलं परत?"

"सिनेटर गयावया करायला लागले. तुम्हीच घ्या म्हणाले. तो नको नको म्हणत राहिला, ते हात जोडत राहिले. असं बराच वेळ चाललं."

"आणि एकानेही म्हटलं नाही, नको तर नको?"

"एक जण ओरडला म्हणतात. घ्यायचं तर घे, नाहीतर सोड."

"त्याचं काय केलं?"

"माहीत नाही. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही."

गुणवंतने उरलेला चहा एका घोटात संपवला.  "मी दिली नसती वही," तो म्हणाला, "तर त्याने स्वतः शोधून घेतली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. चार वर्षं."

"घेतली असती कदाचित," सुनेत्रा म्हणाली. "पण त्याला शोधावी लागली असती."

त्याने मान डोलावली. मागून एका ट्रकने हॉर्न दिला, त्याने गाडी सुरू केली आणि रस्त्याला लावली. तरीफचा फाटा आला. मग त्याने विचारलं, टायबेरियसनंतर कोण आलं, आणि ती सांगायला लागली.